मुदतीचा ताप, मुदत संपलेली औषधं : सिंधमधल्या हैदराबादचं प्रकरण

टायफॉइडला आपल्याकडची जुनी माणसं मुदतीचा ताप म्हणतात. उर्दूत त्याला मियादी बुखार म्हणतात, आणि मियाद म्हणजे मुदतच. दोन्हीकडच्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं की हा ताप कुणाच्या घाईनं उतरत नाही. तीन-चार आठवड्यांची मुदत तो पुरी करणार. मग एक तर उतरणार, नाहीतर माणसाला घेऊन जाणार. १९४८ मध्ये क्वालालंपूरला अमेरिकी डॉक्टर क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध स्क्रब टायफस या वेगळ्याच तापावर आजमावत होते. त्यात टायफॉइडचे काही रुग्ण आले, आणि त्यांचाही ताप उतरला. तेव्हापासून ही मुदत आठवड्याच्या आत आली.

तो आठवडा लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या प्रकरणात तो महत्त्वाचा आहे.

हैदराबाद म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चारमिनार येतो. हे हैदराबाद ते नव्हे. सिंधू नदीच्या पूर्व काठावरचं, कराचीनंतर सिंधमधलं सगळ्यात मोठं, बांगड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे शहर आहे. उल्हासनगरातल्या कितीतरी सिंधी घरांचं मूळ गाव हेच. दुसरं हैदराबादही या कथेत येतं, पण नंतर.

चकतीभोवतीचं वर्तुळ

नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस कराचीच्या आगा खान विद्यापीठ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हैदराबादहून आलेल्या रक्ताच्या नमुन्यांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसू लागली. या रुग्णालयाचं प्रयोगशाळांचं जाळं मोठं आहे, गावोगावी नमुने गोळा करणारी केंद्रं आहेत. रक्ताचं कल्चर करायचं म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून जीवाणू वाढतात का ते पाहायचं. वाढले तर ते थाळीवर पसरायचे आणि त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जीवाणू मरतात आणि मोकळं वर्तुळ दिसतं. वर्तुळ किती मोठं, ते पट्टीनं मोजतात.

साल्मोनेला टायफी म्हणजे टायफॉइडचा जीवाणू. त्याच्या थाळीवर टायफॉइडसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या चकतीभोवती चांगलं ऐसपैस वर्तुळ पडायला हवं. हैदराबादच्या नमुन्यांत ते पडत नव्हतं. जीवाणू चकतीच्या अंगाला भिडून वाढत होते. मी स्वतः प्रयोगशाळेच्या बाजूचा माणूस आहे, आणि असं काही दिसलं की आम्ही पहिला संशय स्वतःच्या कामावर घेतो. थाळी बिघडली असेल, चकत्या जुन्या असतील, दुसराच जीवाणू मिसळला असेल. एखादा नमुना असा निघाला तर अपवाद म्हणून बाजूला ठेवता येतो. एकाच शहरातून, थोड्याच दिवसांत, एकापाठोपाठ एक असे नमुने आले की तो अपवाद राहत नाही.

३० नोव्हेंबर २०१६ ते ३० डिसेंबर २०१७ या तेरा महिन्यांत हैदराबादमधून असे ४८६ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले ४४७, म्हणजे ९२ टक्के, पंधरा वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. साथीचा तपास करणाऱ्या गटाचं नेतृत्व बालरोगतज्ज्ञ डॉ. फराह कमर यांच्याकडे होतं. रुग्ण प्रामुख्यानं शहराच्या दोन भागांतले होते : लतिफाबाद आणि कासिमाबाद.

४८६ हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टायफॉइड असलेल्या दहा जणांच्या रक्ताचं कल्चर केलं तर साधारण सहा जणांतच जीवाणू सापडतो. रक्तात जीवाणू फार विरळ असतात, लहान मुलाकडून रक्त थोडंच मिळतं, आणि बहुतेकांच्या पोटात आधीच कसलंतरी अँटिबायोटिक गेलेलं असतं. शिवाय कल्चरला पैसे पडतात, म्हणून ज्यांना परवडलं त्यांचंच झालं. थोडक्यात, ४८६ ही मोजलेली मुलं आणि माणसं. आजारी पडलेल्यांची संख्या नव्हे.

पाच दारं

या जीवाणूवर काय चालत नव्हतं? क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल ही जुनी तीन औषधं. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि त्याची भावंडं. आणि आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं. टायफॉइडच्या जीवाणूवर हे पाचही निकामी ठरले की त्याला एक्सडीआर म्हणतात, म्हणजे व्यापक औषधप्रतिकार असलेला.

ही दारं एका रात्रीत बंद झाली नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉइडची मोठी साथ १९७२ मध्ये मेक्सिकोत आली, आणि त्याच वर्षी आपल्या केरळात कोळिकोडलाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जुनी तिन्ही औषधं एकदमच हातातून गेली, कारण त्यांच्या प्रतिकाराची जनुकं एकाच गाठोड्यात बांधलेली होती. डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनकडे वळले. गोळी स्वस्त, गुण लवकर. दहा-पंधरा वर्षांत तेही बोथट झालं. मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन आणि सेफिक्झिमचं सिरप. भारतात असो वा पाकिस्तानात, ताप लांबलेल्या मुलाच्या चिठ्ठीवर गेली वीस वर्षं हेच दिसतं.

हैदराबादचे जीवाणू इंग्लंडमधल्या वेलकम सँगर संस्थेत गेले. तिथे एलिझाबेथ क्लेम, गॉर्डन डोगन आणि कराचीच्या रुमिना हसन यांच्यासह इतर संशोधकांनी त्यांचा संपूर्ण डीएनए वाचला. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जीवाणू एच५८ या वंशाचा होता. हा वंश दक्षिण आशियात आधीपासून पसरलेला, आणि जुन्या तीन औषधांच्या प्रतिकाराची जनुकं या जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रातच बसलेली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला अर्धवट दाद न देणारा एक बदलही त्यात होता. नवीन गोष्ट एकच : एक प्लाझ्मिड. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या पोटातलं डीएनएचं सुटं कडं. ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही. या कड्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मोडून टाकणारं सीटीएक्स-एम-१५ हे जनुक होतं आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या प्रतिकारात भर घालणारं क्यूएनआरएसही. असं कडं ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूत आधी दिसलेलं होतं. म्हणजे कुणाच्या तरी आतड्यात, किंवा गटारात, टायफीनं ते ई. कोलायकडून उसनं घेतलं. एकदा घेतलं ते परत केलं नाही.

आता या प्रकरणाबद्दल जे सगळीकडे बोललं जातं, त्याविषयी माझं थोडं वेगळं मत आहे. बातम्यांत, भाषणांत सूर असा, की अँटिबायोटिकांचा गैरवापर झाला आणि म्हणून हा जीवाणू तयार झाला. गैरवापर झाला, यात वादच नाही. सिंधमध्ये साध्या तापालाही सुई टोचण्याची पद्धत किती खोल गेली आहे हे २०१९ मध्ये रतोदेरोला दिसलं, जिथे शेकडो मुलांना एचआयव्हीची लागण झाली आणि तपासात वापरलेल्या सुया पुन्हा टोचल्याचं पुढे आलं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा मारा झाला म्हणूनच त्या प्लाझ्मिडचा ई. कोलाय लोकांच्या आतड्यांत बोकाळला, हेही खरं.

पण डीएनए आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती सहसा कुणी मोठ्यानं बोलत नाही. हैदराबादच्या वेगवेगळ्या मुलांकडून मिळालेले जीवाणू एकमेकांचे जवळजवळ जुळे होते. प्रत्येक मुलाच्या शरीरात, प्रत्येकाच्या चुकलेल्या औषधामुळे, वेगवेगळा प्रतिकार निर्माण झालेला नव्हता. प्लाझ्मिडची देवघेव बहुधा एकदाच झाली. त्यानंतर त्या एका जीवाणूची प्रजा घराघरांत पोचली, आणि जिथे पोचली तिथल्या मुलानं कदाचित आयुष्यात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन पाहिलंही नसेल. एका आतड्यातून शेकडो आतड्यांत जायला चिठ्ठीवरचं औषध पुरत नाही. त्यासाठी रस्ता लागतो.

पाणी कुठे मुरतं

साल्मोनेला टायफी फक्त माणसाच्या शरीरात राहतो. कोंबडी, गाय, उंदीर, कुणी नाही. तो माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडातून आत जातो. मधला प्रवास पाण्यानं, नाहीतर त्या पाण्यानं धुतलेल्या भाजीनं, बर्फानं, हातानं होतो. बरे झालेल्यांपैकी थोडे जण पित्ताशयात जीवाणू बाळगून राहतात. स्वतः ठणठणीत असतात आणि वर्षानुवर्षं तो बाहेर सोडत राहतात.

हैदराबादच्या रुग्णांची घरं नकाशावर मांडली तेव्हा ती सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या आसपास दाटलेली दिसली. शहरातून फुलेली कालवा वाहतो. त्यात सांडपाणी सोडलं जातं, आणि तोच कालवा पुढच्या गावांना पाणी देतो. दक्षिण आशियातल्या कुठल्याही जुन्या शहरात जमिनीखाली जे असतं तेच इथे : पिण्याच्या पाण्याची नळी आणि मैल्याची नळी शेजारी शेजारी, दोन्ही जुन्या, दोन्हींचे सांधे गळके.

गळक्या नळीतून पाणी बाहेर येतं हे सगळ्यांना कळतं. ते आत कसं जातं, हे कळायला हवं. पाणी दिवसातून थोडा वेळच सोडतात. सोडलेलं असतं तेव्हा नळीत दाब असतो, गळती बाहेरच्या दिशेनं होते. पुरवठा थांबला की नळी रिकामी होते, दाब उतरतो, आणि भोवतीच्या मातीत मुरलेलं घाण पाणी त्याच फटींतून आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की पहिली बादली त्याची. त्यात भर म्हणजे नळाला थेट मोटर लावून पाणी खेचणं. आपल्याकडच्या गल्लीबोळांतही ही मोटर घरोघरी असते, आणि ती फक्त शेजाऱ्याचंच पाणी ओढते असं नाही.

पाणी गाळणं आणि क्लोरीन घालणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेटानं सुरू झालं, तिथे टायफॉइडचे मृत्यू क्लोरॅम्फेनिकॉल येण्याच्या कितीतरी आधी कोसळले होते. अमेरिकेतल्या शहरांचे जुने आकडे हे स्पष्ट दाखवतात. औषधांनी टायफॉइड घालवला, हा आपल्या पिढीचा समज आहे. औषधांनी टायफॉइड झालेल्यांना वाचवलं, इतकंच.

एका मुलाचा पंधरवडा

साथीचे आकडे बाजूला ठेवून, लतिफाबादेतल्या एका मुलाचा ताप दिवसागणिक कसा गेला असेल ते पाहू. हा कुणी ठरावीक मुलगा नाही; अशा आजाराची जी नेहमीची चाल असते, तीच एका मुलावर बसवली आहे.

वय सहा. पहिले तीन दिवस अंग कोमट, संध्याकाळी वाढतं, सकाळी थोडं उतरतं. पॅरासिटामॉल. चौथ्या दिवशी ताप १०३, जिभेवर पांढरा थर, पोट दुखतंय, खायला नको. गल्लीतले डॉक्टर सेफिक्झिमचं सिरप लिहून देतात. सातव्या दिवशी ताप तसाच. बोटातल्या थेंबभर रक्ताची झटपट चाचणी होते आणि ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असा कागद येतो. असल्या चाचण्यांत, आपल्या विडालसकट, खोटं पॉझिटिव्ह भरपूर. आणि चाचणी खरी असली तरी कुठलं औषध चालेल ते ती सांगतच नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं सुरू होतात.

इथे तो आठवडा आडवा येतो. टायफॉइडमध्ये अगदी योग्य औषध दिलं तरी ताप उतरायला चार ते सात दिवस लागतात. न्यूमोनियाचं मूल दोन दिवसांत सुधारलं नाही तर डॉक्टर औषध बदलतात. टायफॉइडमध्ये तिसऱ्या, चौथ्या इंजेक्शनला ताप असला तरी अनुभवी डॉक्टर आईला सांगतात, ‘‘धीर धरा, हा ताप मुदतीनंच उतरतो.’’ बरोबरच सांगतात. मात्र औषध अजिबात काम करत नसलं तरीही मूल पाचव्या दिवसापर्यंत हुबेहूब तसंच दिसतं. हळू लागू पडणारं औषध आणि न लागणारं औषध यांतला फरक खाटेजवळ उभं राहून कळत नाही. टायफॉइडचा प्रतिकार एवढा उशिरा उघडा पडतो त्याचं मला वाटणारं मुख्य कारण हेच आहे. मुदतीच्या तापाची कीर्तीच त्याला लपवते.

बाराव्या-तेराव्या दिवशी मूल निस्तेज, पोट फुगलेलं. आता मोठ्या रुग्णालयात नेतात आणि कल्चर होतं, पण एवढी औषधं पोटात गेल्यावर ते उगवेल याची खात्री नाही. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या ज्या गाठींत जीवाणू ठाण मांडतो, त्या सडतात. तेव्हा प्रश्न अँटिबायोटिकचा राहत नाही, शल्यविशारदाचा होतो.

आणि हेच कल्चर चौथ्या दिवशी, पहिल्या सिरपच्या आधी केलं असतं तर? आठव्या दिवसाच्या सुमाराला अहवाल हातात आला असता. या जीवाणूवर दोनच औषधांचा भरवसा उरला होता : तोंडानं देता येणारं अ‍ॅझिथ्रोमायसिन, आणि शिरेतून दिवसातून तीनदा द्यावं लागणारं, महागडं मेरोपेनेम. त्या मुलाला आठव्या दिवशी घरच्या घरी अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळालं असतं. तेराव्या दिवशी खाट अडवून मेरोपेनेम द्यावं लागलं. अशा खाटा किती, आणि खर्च किती, याचा हिशेब सरकारी रुग्णालयांनाही झेपत नाही, आई-बापांची गोष्टच वेगळी.

एका हैदराबादेतून दुसऱ्या हैदराबादेत

आता दुसरं हैदराबाद. तेलंगणातल्या हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीनं टायपबार-टीसीव्ही नावाची लस बनवली होती; टीसीव्ही म्हणजे टायफॉइड कॉन्ज्युगेट व्हॅक्सिन, जोड-लस. भारतात तिला २०१३ मध्ये परवाना मिळाला. टायफीच्या अंगावर व्हीआय नावाच्या शर्करेचं आवरण असतं. जुन्या लशीत नुसती ही शर्करा होती. दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर तिची दखलच घेत नाही, आणि मोठ्यांतही परिणाम काही वर्षांत ओसरतो. नव्या लशीत ती शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडलेली आहे. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळालाही एकाच डोसात चांगली प्रतिकारशक्ती येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानं ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली आणि वर्ष संपता संपता लशीला पूर्वपात्रता मिळाली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना ती विकत घेता येऊ लागली.

योग असा, की नेमकी त्याच वेळी सिंधमध्ये साथ पेटलेली. औषधं चालेनात म्हणून लशीकडे धावणं भागच होतं. लशीला प्रतिकाराशी देणंघेणं नसतं. प्लाझ्मिड जीवाणूच्या आत असतं, लस ओळखते ती बाहेरच्या आवरणाला. २०१८ मध्ये लतिफाबाद आणि कासिमाबादमध्ये सहा महिने ते दहा वर्षं वयाच्या दोन लाखांहून जास्त मुलांना लस दिली गेली. एका हैदराबादेत भरलेल्या कुप्या दुसऱ्या हैदराबादेत उघडल्या.

मोहिमेबरोबर सुमारे २३ हजार मुलांच्या गटावर पाळत ठेवली. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्चरनं सिद्ध झालेल्या टायफॉइडविरुद्ध लशीची परिणामकारकता ९५ टक्के, एक्सडीआर टायफॉइडविरुद्ध ९७ टक्के. संशयित टायफॉइडविरुद्ध मात्र ५५ टक्के. या शेवटच्या आकड्यावर पुष्कळांचं कपाळ आठ्यांनी भरलं. मला तो तिन्हींत सगळ्यात बोलका वाटतो. संशयित म्हणजे डॉक्टरांना टायफॉइड वाटलेले ताप. त्यांत डेंग्यू, मलेरिया, पॅराटायफॉइड, कसलेतरी विषाणू, सगळेच येतात, आणि टायफॉइडची लस त्यांना कशी रोखणार? लस निम्मी कमी पडली नाही. टायफॉइड म्हणून ठरवलेले बरेच ताप टायफॉइड नव्हतेच.

९५-९७ हे आकडे मात्र थोडे चिमटीत धरून वाचावेत. चिठ्ठ्या टाकून लस द्यायची की नाही असं इथे ठरवलेलं नव्हतं. ज्यांच्या आई-बापांनी मुलं आणली त्यांना लस मिळाली, आणि असे आई-बाप पाणीही उकळून देत असण्याची शक्यता जास्त. पाठपुरावाही फार लांबचा नव्हता. नेपाळमध्ये काटेकोर चाचणीत परिणामकारकता ८२ टक्क्यांच्या आसपास आली, बांगलादेशात ८५. माझा विश्वास या आकड्यांवर जास्त आहे.

दरम्यान साथ हैदराबादेत थांबली नव्हती. ९ डिसेंबर २०१८ पर्यंत सिंधमध्ये नोंदलेल्या ८,१८८ टायफॉइड रुग्णांपैकी ५,२७४ एक्सडीआर होते, आणि त्यांतले ६९ टक्के एकट्या कराचीतले. अमेरिका, इंग्लंडमध्ये पाकिस्तानहून परतलेल्या प्रवाशांत तो सापडू लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं कळवलेल्या रुग्णांत नऊ जण असे होते, ज्यांनी परदेश प्रवास केलेलाच नव्हता.

१५ नोव्हेंबर २०१९ ला सिंधच्या शहरी भागांत मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांची ९० लाखांहून जास्त मुलं, दोन आठवड्यांत. त्यानंतर लस नियमित लसीकरणात आली, आणि टीसीव्ही नियमित कार्यक्रमात आणणारा पाकिस्तान हा जगातला पहिला देश ठरला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानानं भारताशी व्यापार बंद केला होता, हे आठवत असेल. सप्टेंबरमध्ये औषधांना त्यातून वगळलं. दोन्ही बाजूंना त्याचा फार गाजावाजा नको होता, असं दिसतं.

आपल्या बाजूला

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, पण निर्धास्त व्हावं असं नाही. भारतात सिप्रोफ्लॉक्सॅसिनला टायफी जवळजवळ दाद देतच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमोक्साझोल मात्र वर्षानुवर्षं कमी वापरल्यामुळे पुन्हा बहुतांश नमुन्यांत लागू पडू लागली आहेत. जुनं ते सोनं असं म्हणण्याआधी हे ध्यानात ठेवावं, की सिंधच्या हैदराबादेतल्या जीवाणूत ती जनुकं गुणसूत्रातच रुतलेली होती, त्यामुळे तिथे ती औषधं अशी परत येत नाहीत. मुंबईत तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना न जुमानणारा टायफी टिकून राहिल्याची नोंद झाली आहे. ती स्वारी सिंधहून आलेली नाही. जनुक वेगळं, एसएचव्ही-१२, प्लाझ्मिडही वेगळं. म्हणजे तीच देवघेव आपल्याकडे स्वतंत्रपणे झाली. जे एकदा घडलं ते दुसऱ्यांदा घडायला फार काही लागत नाही.

मुलांमधल्या टायफॉइडचं मोजमाप आपल्याकडे झालं तेव्हा वेल्लोर, दिल्ली, कोलकात्याच्या वस्त्यांत दर लाख बाल-वर्षांमागे (म्हणजे लाख मुलं वर्षभर पाहिली तर) ५७६ ते १,१७३ रुग्ण निघाले. पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या ग्रामीण भागात ३५. एकच देश, तेच जीवाणू, तीच औषधं. यावरून महाराष्ट्राची खेडी सुरक्षित असा अर्थ काढणारे भेटतात. मी तो काढणार नाही. वढू म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे, आणि दाटीच्या शहरी वस्तीत आपले आकडे दिल्लीपेक्षा वेगळे असतील असं मानायला काही आधार नाही.

सरकारी यंत्रणेनं राबवलेली टीसीव्हीची जगातली पहिली मोहीम हैदराबादेत किंवा कराचीत झाली नाही, ती नवी मुंबईत झाली. २०१८ च्या पावसाळ्यात नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना लस दिली. शहराचे दोन भाग करून अर्ध्या नागरी आरोग्य केंद्रांच्या हद्दीत आधी लस द्यायची, उरलेल्यांना नंतर, म्हणजे फरकही मोजता येईल, असा बेत होता. दुसरा टप्पा कोविडमुळे लांबला. त्याच कोविडच्या काळात सर्दी-खोकल्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन होतं, भारतात आणि पाकिस्तानातही.

अ‍ॅझिथ्रोमायसिनचा प्रतिकार यायला प्लाझ्मिडची गरज लागत नाही. जीवाणूच्या पेशीतून औषध बाहेर फेकणारा जो पंप आहे, त्याच्या जनुकात एकाच ठिकाणी बदल झाला की पुरे. बांगलादेशातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हा बदल दाखवून दिला, आणि त्यांच्या फ्रीझरमधले असे सर्वांत जुने नमुने २०१३ चे होते. हा बदल झालेला टायफी एक्सडीआर वंशातला निघाला, तर तोंडानं देता येईल असं भरवशाचं औषध त्या मुलासाठी राहत नाही. मग प्रत्येक मूल शिरेतल्या सुईसाठी रुग्णालयात.

पाकिस्तानात आता बाळ नऊ महिन्यांचं झालं की गोवराच्या लशीच्या वेळीच दुसऱ्या मांडीत टायफॉइडची लस टोचतात. भारतात लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटानं २०२२ मध्ये टीसीव्हीची शिफारस केली. लस आपल्याच हैदराबादची आहे, आणि खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे मोजून ती त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून मिळते.